खूण कुठे करू, वन्सं?

४ जून

वन्सं,

पाकिटावरचं अक्षर बघून दचकला असाल. दचकू नका, कुणी गेलेलं नाही. लेक तिच्या घरी सुखरूप आहे, मी माझ्या दुकानात आहे, मशीन चालू आहे. नऊ वर्षांनी पत्र आलं की माणसाच्या मनात पहिलं तेच येतं, म्हणून आधी ते सांगून टाकलं.

फोन करणार होते. तीनदा नंबर काढला. पण तुम्ही फोन उचलून नुसतं 'हं' म्हणाला असतात, आणि त्या 'हं'पुढे माझी कशी बोबडी वळते ते तुम्हाला माझ्या लग्नापासून ठाऊक आहे. मग मी दोऱ्याचे भाव कसे वाढलेत तेच सांगत बसले असते. पत्रात निदान मधे कुणी 'हं' म्हणत नाही.

तर झालंय असं, की माझा उजवा खुबा गेला. गेला म्हणजे जागेवरच आहे, पण आतला सांधा पार झिजलाय. डॉक्टर म्हणतात, हाडावर हाड घासतंय. मी म्हटलं, मशीन घासायला लागलं की मी तेल घालते, तुम्ही काय घालता? ते म्हणाले, नवा सांधा. चाळीस वर्षं पायमशीन मारल्यावर दुसरं काय होणार! दुकानाच्या दोन पायऱ्या उतरताना हल्ली मी मोठ्यानं म्हणते, 'चल गं बाई, चल.' वरच्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा विचारलं, कुणाशी बोलता? म्हटलं, पायाशी. दुसरं आहे कोण?

ऑपरेशन घाईचं नाही, ठरवून करायचं आहे. आणि ठरवून करायचं असलं की दवाखाना पेशंटनं निवडायचा, हा नियम तुम्हाला माहीतच आहे. डॉक्टरांनी कागद दिलाय. पाच दवाखाने, एकाखाली एक. रकाने असे: दवाखान्याचं नाव, घरापासूनचं अंतर, किती आठवडे थांबावं लागेल, वर्षाला असली ऑपरेशनं किती होतात, नंतर किती जणांना त्रास झाला. शेवटी एकेक रिकामा चौकोन. एका चौकोनात खूण करायची, सही करायची आणि पंचवीस तारखेच्या आत पाठवायचं. नाही पाठवलं तर तेच जवळच्या दवाखान्यात नाव घालून मोकळे होतात.

पहिला आमच्या कोपऱ्यावरचा. तो तुम्हाला माहीत आहे. तिथे शेहेचाळीस आठवडे. तिसरा तुमच्या गावातला, तुमच्या घरापासून बसचे दोन थांबे. तिथे पाच आठवडे.

मी काही मागत नाहीये. एवढंच विचारायचं होतं, की तुम्ही जन्मभर पोरांना गणित शिकवलंत, तर ह्यातला कुठला रकाना खरा धरायचा? मला कापडाची मापं कळतात, असले आकडे कळत नाहीत. ह्यांच्या हृदयाच्या झडपेच्या ऑपरेशनच्या वेळीही तुम्ही सगळं लाल पेनानं गोल करून, समजावून पाठवलं होतंत. तेव्हा ह्यांनी स्वतःच्या मनानं केलं. ह्यांचीच इच्छा होती ती. असो.

कागदाची नक्कल सोबत घातली आहे. तब्येतीला जपा.

तुमची वहिनी


९ जून

वन्सं,

उत्तर मिळालं. 'चौथा रकाना बघ. आकडा मोठा, तेवढा हात सरावलेला.' खाली सही. नऊ वर्षांनंतर दीड ओळ! 'थोडक्यात उत्तरे लिहा' असं पोरांना सांगून सांगून तुमचंच असं झालंय. पण खोटं कशाला बोलू, ती दीड ओळ वाचून बरं वाटलं. 'बघ' म्हणालात. 'बघा' म्हणाला असतात तर मी पुन्हा लिहिलंच नसतं.

चौथा रकाना बघितला. कोपऱ्यावर वर्षाला खुब्याची चाळीस ऑपरेशनं, तुमच्या तिकडे चारशे बारा. उरलेले तीन मधेच कुठेतरी लोंबकळतायत.

तरीही परवा कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जाऊन आले. चौकशीच्या खिडकीवर एक चष्मेवाली मुलगी असते. तिला विचारलं, शेहेचाळीस म्हणजे खरंच शेहेचाळीस, की तुमचे शेहेचाळीस? ती म्हणाली, 'आजी, कधीकधी पन्नासही होतात.' आजी म्हणाली! खुबा तिथेच दुप्पट दुखायला लागला. मग म्हणाली, 'तुम्ही दुसरीकडे का जात नाही? तुमचा हक्क आहे.' मी म्हटलं, हक्क आहे गं, पण चालायला पाय कुठे आहे?

बाकावर बसले होते तेवढ्यात समोरून चादरींची ढकलगाडी गेली. सवयीनं नजर गेलीच. दुमड वाकडी, टाके हे एवढाले, एका चादरीचा तर कोपरा उसवून लोंबत होता. माझ्या वेळी असं नव्हतं. तुम्हाला आठवत असेल, बारा वर्षं त्या दवाखान्याच्या चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे डगले, सगळं माझ्याकडे दुरुस्तीला यायचं. स्वच्छ धुतलेलं, कडक इस्त्रीचं, मोजून बांधलेलं. एका डगल्याची नाडी तुटली तर त्याला चिठ्ठी टाचून पाठवायचे: 'कृपया नाडी.' मला वाटायचं, जी माणसं एका नाडीची एवढी काळजी घेतात, ती पेशंटची किती घेत असतील! तुम्ही आकडे पाठवलेत तेव्हा मी म्हटलं, कागदावर काय, कुणीही काहीही लिहितो. चादर खोटं बोलत नाही. वन्सं, मी तो दवाखाना शिवणीवरून पारखला. शिवण सरळ होती हो. पण चादर शिवणारी मी होते, झडप शिवणारा दुसराच होता, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही.

म्हणजे मी ह्यांना तसं आपलं बोलायचे. ठरवलं ह्यांनीच.

आता खरं सांगते. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. डॉक्टरांनी जे माहितीपत्रक दिलंय त्यात लिहिलंय, की ऑपरेशननंतर सहा आठवडे घरात सोबत हवी. जिना चढायचा नाही, वाकायचं नाही, खाली बसायचं नाही. सोबत कोण करणार त्याचं नाव-पत्ता लिहून दिल्याशिवाय तारीखच मिळत नाही. लेकीला दहा दिवसांच्या वर रजा नाही. कोपऱ्यावर केलं तर वरच्या बाई येऊन-जाऊन बघीन म्हणाल्यात. तुमच्या गावात केलं, तर तिथे माझं ओळखीचं माणूस एकच आहे.

भांडं पुढे केलंय. ताक घाला नाहीतर घालू नका.

वहिनी


१४ जून

वन्सं,

टोमणा पोचला.

'खालची खोली रिकामी आहे. संडास शेजारीच. तुला तर तेव्हाही इकडेच यायचं होतं ना? मग आता विचारत काय बसलीस?' पहिली दोन वाक्यं वाचून माझे डोळे भरले आणि तिसरं वाचून कोरडे झाले. मी तेव्हा दुकान उघडून नुकतीच बसले होते. एक बाई ब्लाउजचं माप द्यायला आली, तिची छाती मी दोनदा मोजली आणि दोन्ही वेळा वेगळी आली. ती घाबरलीच.

नऊ वर्षांनी मारलात, पण वर्मी मारलात. मानलं तुम्हाला. 'तुला इकडेच यायचं होतं ना' म्हणे! तुम्हाला जे म्हणायचंय ते सरळ तोंडावर म्हणा की. तुम्ही कधीपासून आडून बोलायला लागलात? शाळेत पोरांच्या कानशिलात देताना आडून देत होतात का?

मी एक नंबरमध्येच नाव घालणार आहे. जवळच्या जवळ बरं. वाट बघून कुणी मरत नाही.

डॉक्टर म्हणतात, एवढं थांबू नका. पाय वापरात नसला की स्नायू सुकतो, डावाही मग ओढून ओढून बिघडतो, आणि पुढे नवा सांधा घातला तरी मशीन मारता येईलच असं नाही. हे ऐकून मी घरी आले आणि मशीनवर बसून उगाचच एक पडद्याचं जुनं कापड सरळ शिवत गेले, या टोकापासून त्या टोकापर्यंत. दुखलं. पण शिवलं. मोटारीचं मशीन घ्या, असं लेक म्हणते. त्याचा वेग पायाला कळत नाही वन्सं, ते आपलं सुटतं. पायमशीन गेलं तर मी सकाळी उठून काय करायचं, हे मला कुणी सांगत नाही. ह्यांच्यानंतर मला ह्या मशीननंच उभं ठेवलंय. माणसं नव्हती.

हे तुम्हाला उद्देशून लिहिलेलं नाही. बरं, आहे.

आमच्याकडे गरम होतंय. वरच्या बाईंच्या मांजरीला चार पिल्लं झाली. खोली देऊ केलीत त्याबद्दल आभार.

वहिनी


१८ जून

वन्सं,

मागचं पत्र रागात टाकलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, हा माझा जुना रोग. तुम्ही उत्तर दिलेलं नाही आणि ते बरोबरच आहे.

काल दुपारी दुकान बंद ठेवलं आणि तो कागद घेऊन बसले. पेन उघडलं, एक नंबरच्या चौकोनावर नेलं, आणि हात तिथेच थांबला. हा हात आधी एकदा ह्याच जागी येऊन गेलाय. आता जे लिहितेय ते मी लेकीलाही सांगितलेलं नाही.

नऊ वर्षांपूर्वी तुमचं पाकीट आलं त्या दिवशी हे मशीनशेजारच्या स्टुलावर बसून ते वाचत होते. तुम्ही दोन आकड्यांना लाल गोल केले होते. झडपेची ऑपरेशनं: कोपऱ्यावर वर्षाला अकरा, तुमच्या गावात तीनशे सहा. ह्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, 'बरोबर आहे तिचं. तिकडेच जाऊ.' माझी पेन्सिल कानावरून काढून घेतली आणि तुमच्या दवाखान्याच्या चौकोनात खूण केली. पेन्सिलीनं. मग म्हणाले, 'तू बघून घे आणि पेनानं पक्की कर.'

मी बघून घेतलं. शाळा सुरू व्हायला तीन आठवडे होते आणि माझ्याकडे चारशे स्कर्ट होते, प्रत्येकाला सोळा चुण्या. तुमच्याकडे येऊन राहायचं म्हणजे दोन महिने तरी दुकान बंद. पण नुसतं तेवढंच असतं तर मी ते काम दुसऱ्या कुणाला दिलं असतं. खरं कारण तुम्ही होतात. तुमच्या घरात मी टॉवेलची घडी घातली की तुम्ही ती उलगडून परत घालता. मी बोलले की तुम्ही माझं वाक्य पुरं करता, आणि ते माझ्यापेक्षा चांगलं करता. दोन महिने मी तुमच्या घरात घाबरून वावरणार आणि हे पलंगावरून 'ताई म्हणते ते बरोबर आहे' म्हणणार, हे मला डोळ्यांपुढे दिसलं. तुम्ही ह्यांच्याहून तीन वर्षांनी लहान, तरी हे तुम्हाला ताई म्हणायचे, मला त्याचाही राग यायचा. एवढीशी गोष्ट. लिहायला लाज वाटते.

मी खोडरबरानं ती खूण पुसली आणि कोपऱ्यावरच्या चौकोनात पेनानं केली. ह्यांच्यापुढे सहीला धरलं आणि म्हटलं, 'इथले लोक आपले आहेत, मी दिवसभर येऊन बसेन, तिकडे परक्या ठिकाणी कोण कुणाला ओळखतं?' ह्यांनी कागदाकडे बघितलं. पुसलेली जागा दिसत होती, कागद तिथे जरा खरबरीत झाला होता. मग माझ्याकडे बघितलं. म्हणाले, 'बरं. तू असशील तिथे.' आणि सही केली.

ती निवड ह्यांची नव्हती. माझी होती. नऊ वर्षं मी जगाला सांगत आलेय, ह्यांचीच इच्छा होती, ह्यांचीच इच्छा होती. इतक्यांदा सांगितलं की मधे काही वर्षं मलाही ते खरं वाटलं.

आणि मी 'दिवसभर येऊन बसेन' म्हटलं ना? ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी स्कर्ट पोचवायचे होते म्हणून मी दुपारी चार तास तिथे नव्हते. परत आले तर सिस्टर म्हणाली, तुमच्या नणंद येऊन गेल्या. ह्यांना विचारलं, काय म्हणाल्या? हे म्हणाले, 'काही नाही, बरी आहे.' मी पुढे विचारलं नाही. मला वाटलं, ह्यांनी तुम्हाला सगळं सांगितलं असणार. बहीण-भाऊ तुम्ही, तुमच्यात काय लपतंय. चौथ्या दिवशी हे गेले. डॉक्टर म्हणाले, हे कुठेही होऊ शकलं असतं. असेल. तिथेही झालं असतं कदाचित. पण ते आता कुणाला कळणार?

हे गेल्यावर तुम्ही येऊन दारात उभ्या होतात तेव्हा तुम्ही काही विचारायच्या आत मीच म्हटलं, 'त्यांचीच इच्छा होती.' तुम्ही म्हणालात, 'ठाऊक आहे मला,' आणि पाठ फिरवून गेलात. मला कळलं, चोरी पकडली गेली. त्यानंतर तुम्हाला फोन करायला, लिहायला कुठलं तोंड होतं मला? म्हणून तुमचं ते वाक्य मला परवा एवढं झोंबलं. तुम्हाला सगळं ठाऊक असून तुम्ही नऊ वर्षं एका शब्दानं बोलला नाहीत आणि आता खोली देताय. टोमणा मारायचा तुमचा हक्कच आहे.

एक गोष्ट मात्र तुम्हाला ठाऊक नसेल तर म्हणून पुन्हा लिहिते. ह्यांनी तुमचं पाकीट नीट वाचलं होतं. 'बरोबर आहे तिचं' हे ह्यांचे शब्द आहेत. मी ते नऊ वर्षं माझ्याजवळ ठेवले. ते तुमचे होते.

मी एक नंबरवर खूण करते. मला दुसरं काही मागायचा अधिकार नाही. ह्याचं उत्तर नाही दिलंत तरी चालेल.

तुमच्या दादाची बायको


२१ जून

वहिनी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा उभ्यानं, मग बसून, मग चष्मा पुसून.

मी टोमणे मारत नाही. मी सरळ बोलते, म्हणून तर लोक मला टाळतात. ते वाक्य मी खरं समजून लिहिलं होतं, कारण ते मला दादानं सांगितलं होतं.

त्या दिवशी मी आले तेव्हा तो शुद्धीवर होता. उशा लावून टेकून बसवला होता. मी त्याची विचारपूसही केली नाही. पोराला फळ्यापुढे उभं करावं तसं विचारलं, 'अकरा आणि तीनशे सहा, ह्यात मोठा आकडा कोणता, सांग.' तो म्हणाला, 'तीनशे सहा. माझंच चुकलं गं, ताई. मलाच तुझ्याकडे यायचं नव्हतं. ही बिचारी सारखी तिकडेच जाऊ म्हणत होती, मी ऐकलं नाही. तू हिला काही बोलू नकोस.'

मी म्हणाले, 'मग भोग आता.' पिशवी उचलली आणि निघाले. मला वाटलं, आठ दिवसांनी राग उतरला की येईन.

त्यानंतर दोन दिवसांनी तो गेला. दारात तू म्हणालीस, 'त्यांचीच इच्छा होती.' मी म्हणाले, ठाऊक आहे. मला खरोखर तेच ठाऊक होतं. मी तुझ्यावर रागावले नव्हते, वहिनी. तुझ्यासमोर मला उभं राहता येत नव्हतं. तू नवऱ्याला घेऊन माझ्याकडे यायला तयार होतीस असं मी समजत होते, आणि मी तुझ्या नवऱ्याला मरताना 'भोग' म्हणून आले होते.

नऊ वर्षं मी हे धरून चालले, की माझ्या सख्ख्या भावाला माझ्या घरी यायचं नव्हतं. मी अशी कोण लागून गेले आहे, की आजारी भाऊसुद्धा माझं घर टाळतो? मी स्वतःला तपासलं. पुष्कळ काही सापडलं. टॉवेलचं तू लिहिलंस ते खरं आहे, मी तशीच आहे. पण तो येणार होता. त्यानं खूण केली होती. परवापासून मी घरात एकटीच मोठ्यानं म्हणतेय, 'बरोबर आहे तिचं, तिकडेच जाऊ.' त्याच्या आवाजात म्हणून बघते. जमत नाही.

तुला माफ केलं असं समजू नकोस. जमेल की नाही ते मला माहीत नाही. फार राग आलाय. काल एक कप आपटायला उचलला होता, पण सहाचा सेट मोडला असता म्हणून ठेवून दिला. तू हे नऊ वर्षांपूर्वी सांगायला हवं होतंस. मीही माझं सांगायला हवं होतं. उत्तर दोघींचं चुकलंय, कुणाचे किती मार्क कापायचे ते मला कळत नाही.

मी तुमच्या त्या चौकशीच्या खिडकीला फोन केला. म्हटलं, ह्या बाईंना तीन नंबर द्या. ती मुलगी म्हणाली, 'पेशंटनं स्वतः सांगायला हवं, दुसऱ्या कुणालाही निवडता येत नाही.' मी बऱ्याच चढ्या आवाजात बोलले, तरी ती ढळली नाही. हुशार आहे. तेव्हा खूण तुलाच करावी लागेल. पंचवीस तारीख चुकवू नकोस. सोबतीच्या जागी माझं नाव घाल. नातं: नणंद. अधिकाराच्या गोष्टी करू नकोस, खुब्याच्या कर.

रागावलेल्या माणसाच्या घरात सहा आठवडे राहायची तयारी असेल तर ये.

आणखी एक. तुला सांगायलाच हवं म्हणून लिहिते. तो जेव्हा ते सगळं तुझ्या बाजूनं सांगत होता ना, तेव्हा त्यानं डोळे मिटून घेतले होते. मला वाटलं, दुखत असेल.

ताई


२३ जून

वन्सं,

पत्र काल दुकानात आलं. गिऱ्हाईक समोर होतं, शाळेच्या पोराची पँट लांब करून घ्यायला आलेली एक आई. मी म्हटलं, एक मिनिट हं, आणि पाकीट फोडलं. मग मला काही सुचेना. मी मशीनवर डोकं ठेवून रडले, भोकाड पसरलं म्हणा ना. त्या बाईनं मला पाणी दिलं आणि शटर अर्धं खाली ओढलं. पँट न घेताच गेली.

नऊ वर्षांत मी अशी रडले नव्हते. रडायचा मला हक्कच नाही असं वाटायचं. ज्याला आपणच तिथे नेलं त्याच्यासाठी कुठल्या तोंडानं रडायचं?

तुमच्या 'भोग'चं लिहायचं तर, तुमचा राग ह्यांना लहानपणापासून पाठ होता. तुम्ही गेल्यावर ह्यांनी मला 'बरी आहे' एवढंच सांगितलं. मी तेव्हा ह्यांचा चेहरा नीट बघितला होता, कारण माझं काय उघडं पडलंय ते मला त्यावरून कळणार होतं. दुखावल्यासारखा नव्हता तो. तुम्हाला बरं वाटावं म्हणून हे लिहीत नाही. खोटं लिहिण्याची ताकद माझ्यात आता उरलेली नाही.

तुमचा राग असू द्या. तो घालवायला मी येत नाहीये. मी खुब्यासाठी येतेय आणि तुमच्यासाठी येतेय, आणि टॉवेलच्या घडीवरून ह्या वेळी मी भांडणार आहे, आधीच सांगून ठेवते.

कागद आज सकाळी स्वतः जाऊन टपालात टाकला. तीन नंबर. सोबतीच्या जागी तुमचं नाव, नातं नणंद. येताना दोन पायऱ्या चढले, मधे एकदा थांबले.

वन्सं, हे माणूस खोटं बोलणारं नव्हतं. मी चहात साखर विसरले तर चारचौघांत 'साखर नाही' म्हणायचे. माझ्या हातचा पहिला सदरा घालून आरशात बघून 'खांदा उतरलाय' म्हणाले होते, लग्नाला आठवडाही झाला नव्हता. खोटं कसं बोलायचं तेच ह्यांना येत नव्हतं, म्हणून डोळे मिटावे लागले असतील. जन्मभरात माझ्यासाठी बोललेलं ते एकच खोटं, आणि तेव्हा मी तिथे नव्हते. मी आले की तुम्ही मला समोर बसवा आणि ते पुन्हा सांगा, पहिल्यापासून, कुठे थांबले, कुठे श्वास घेतला, सगळं. 'ही बिचारी' कसं म्हणाले ते मला ऐकायचंय.

वहिनी